चालू पंख्याखाली घेतलेला होकार

अन्याय झाला तो माझ्या वडिलांवर. केव्हा झाला तेही सांगते, कारण "मागे कधीतरी" म्हटलं की अन्याय करणारे अलगद सुटतात. गोवा घटकराज्य झालं त्याच्या आदल्या वर्षी, तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, डिचोली तालुक्यातल्या एका खाणीच्या ऑफिसात, डोक्यावर पंखा घरघरत असताना, माझ्या बाबांच्या तोंडून निघालेला "व्हय" कबुलीजबाब म्हणून लिहून घेतला गेला. कबुली कसली? तर सोबत्याची बोंब त्यांना ऐकू आली होती आणि तरीही त्यांनी मशीन थांबवलं नाही.

हे खोटं आहे. बाबांना ती बोंब ऐकू आली नव्हती. ऑफिसात विचारलेला प्रश्नही ऐकू आला नव्हता.

तेव्हा मी म्हापशाला कॉलेजात होते. वर्गात कमी आणि पत्रकं लिहिण्यात जास्त. राजभाषेचं आंदोलन पेटलं होतं, मराठी की कोकणी यावरून एका बाकावर बसणाऱ्या मुली एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या, आणि मी मराठीच्या बाजूनं दिसेल त्या भिंतीवर खळ लावत फिरत होते. लोकांचा आवाज दाबला जातोय, असं रोज लिहीत होते. आमच्या घरात एका माणसाचे कान हळूहळू दाबले जात होते. त्यावर पत्रक काढायचं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आमचं गाव पेडण्यातलं, मोपाच्या सड्याखालचं, म्हणजे कातळाच्या पठाराखालचं. बाबा लग्नाआधीच डिचोलीला खाणीवर लागले, आणि माझा जन्म झाला तोवर चाळणीच्या प्लांटवर आले होते. खाणीतला माल तिथे फोडतात, चाळतात आणि लांब पट्ट्यावरून पुढे ढकलतात. पट्टा चालू-बंद करायचं बटण बाबांकडे होतं. तिथला आवाज कसा असतो ते लिहून सांगता येत नाही. पत्र्याच्या पेटीत बसून बाहेरून कुणी दगड मारावेत, आणि ते दिवसभर मारत राहावेत, असं काहीसं. तिथे कुणी बोलत नाही. हात हलवतात, बोटं दाखवतात, फारच झालं तर कानाशी तोंड नेऊन ओरडतात. कानाला लावायला कंपनीनं काय दिलं होतं? काही नाही. बाबा कापसाचे बोळे घालत. मुकादम म्हणायचा, "काय रे, कानात अत्तर घालून इलस?" मग तेही सोडलं.

बाबा बहिरे नव्हते. हे मला शंभरदा सांगावं लागलंय, अजूनही सांगते. रविवारी गावी गेलो की आम्ही सड्यावर गुरांकडे जायचो. तिथे वारा पडलेला असला की पलीकडच्या मांगरातला, शेतातल्या खोपीतला, माणूस बोललेला बाबांना कळायचा. त्याच्याशी ते इथून गप्पा मारायचे, पावसाच्या, भाताच्या, कुणाच्या चेडवाच्या, म्हणजे मुलीच्या, लग्नाच्या. म्हणून त्यांना स्वतःलाही वाटायचं की आपले कान धडधाकट आहेत.

पण डिचोलीच्या भाड्याच्या खोलीत आईनं स्टो पेटवला, की बाबांचा चेहरा बदलायचा. स्टो फरफरायला लागला की आईचे शब्द त्यात विरघळून जायचे. आवाज यायचा. आई बोलतेय हे कळायचं, चिडलीय की हसतेय तेही कळायचं. शब्द तेवढे यायचे नाहीत. बाबा एकदा म्हणाले होते, "माणूस दिसता गो, पण धुक्यात. नाक-डोळे दिसनत नाय." आईनं मग न सांगताच एक रीत पाडली. काही महत्त्वाचं बोलायचं असलं की ती आधी स्टो बंद करायची, पदराला हात पुसत बाबांच्या समोर येऊन बसायची आणि मग बोलायची. भात अर्धा शिजलेला असला तरी. आमच्याकडे स्टो मध्येच बंद झाला, की मला समजायचं, काहीतरी गंभीर आहे.

शेजारणीला याची गंमत वाटायची. "घोवाकडे बोलूक रॉकेल वाचवता ही," असं ती म्हणायची. आई म्हणायची, "तुझो घोव स्टो बंद असताना तरी खंय आयकता?"

मला तेव्हा वाटायचं, चांगले कान म्हणजे सगळं ऐकणारे कान. तसं नसतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मलाही निम्मंच ऐकू येतं. उरलेलं मी भरून काढते. समोर कोण आहे, मघाशी काय बोलणं झालं, मिरच्यांसमोर उभी आहे की माशांसमोर, त्यावरून. इतकं झटकन भरते की मला वाटतं, मी ऐकलंच. बाबाही हेच करत होते. माझ्यापर्यंत निम्मी भाकरी पोचायची, त्यांच्यापर्यंत चतकोर. त्या चतकोरावरून ते अख्खी भाकरी ओळखायचे. बहुतेक वेळा बरोबर ओळखायचे, म्हणून कुणाला संशय आला नाही.

चतकोरावरून ओळखायची ही सवय त्यांना सगळ्यात जास्त कामी यायची ती देवळात. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. गावचा मानकरी हात जोडून मोठ्यानं सुरू करतो, बा देवा म्हाराजा, आज अमक्यानं तुझ्या पायाशी नारळ ठेवलेलो आसा, त्याच्या पोराबाळांचां रक्षण कर, वाटेत आडवो येयत तेका दूर कर, आणि दर वाक्याच्या शेवटी थांबतो. तो थांबला की मागचे सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" तेव्हा देवळात काय शांतता असते असं समजू नका. ढोल नुकताच थांबलेला, कुणी घंटा बडवतंय, पोरं नारळाच्या तुकड्यांवरून भांडतायत. मानकऱ्याचे शब्द निम्म्या लोकांना कळत नाहीत. चांगल्या कानांच्या लोकांनाही नाही. कळायची गरजच नसते. आवाज चढतो, लांबतो, खाली येतो आणि थांबतो, त्या थांबण्यात आपण "व्हय" टाकायचा असतो. गाऱ्हाण्यात वाईट काही नसतंच. कुणाचं तरी बरं व्हावं, एवढंच असतं. "व्हय" म्हणजे, देवा, आमचीही हीच इच्छा.

बाबांचा "व्हय" सगळ्यांत खणखणीत. कधी चुकला नाही. देवळात ते बहिरे नव्हतेच. तिथे सगळेच त्यांच्यासारखे ऐकत होते.

आता अपघात. प्लांटवर बाबांचा एक सोबती होता, नदीपलीकडचा, सिंधुदुर्गातला. मी त्यांना काका म्हणायचे. लग्नाआधी दोघं एकाच खोलीत राहिलेले, एकाच टोपात भात शिजवलेला. काका पट्ट्याच्या शेपटाकडे असायचे, बाबा बटणापाशी. दिवाळीनंतर काम जोरात सुरू झालं होतं. पट्ट्याखाली अडकलेला माल काढायला काका वाकले आणि त्यांचा पाय रोलरमध्ये ओढला गेला. ते ओरडले. कितीही ओरडले असतील. बाबांची पाठ नव्हती त्यांच्याकडे, पण मधे चाळणीचा सांगाडा होता. बाबांना पट्टा अडखळलेला जाणवला तेव्हा त्यांनी बटण दाबलं. तोवर पायाचं जे व्हायचं ते झालं होतं.

अशा पट्ट्याच्या कडेनं एक दोरी असते. कुठूनही ओढली की पट्टा थांबतो. ती दोरी तुटली होती, आणि पावसाळ्याआधीपासून तुटलेलीच होती. सगळ्यांना माहीत होतं. आता बघा, दोरीबद्दल विचारलं की कंपनी अडकते. बोंबेबद्दल विचारलं की बाबा अडकतात. कंपनीनं कशाबद्दल विचारलं असेल?

काकांना बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं. बाबा त्या दिवशी घरी आले आणि त्यांनी जेवण टाकलं. आईनं स्टो बंद केला, समोर बसली. बाबा एवढंच म्हणाले, "मी आयकाक होया होतंय." मला ऐकू यायला हवं होतं. ऐकू आलं नाही, हे त्यांचं त्यांनाच पटत नव्हतं. सड्यावर येतं, मग इथे का नाही?

चौकशीआधी कंपनीच्या डॉक्टरनं त्यांचे कान तपासले. दवाखान्याचं दार लावून घेतलं, बाबांच्या मागे उभं राहून हळू आवाजात विचारलं: नाव काय? गाव खंय? मुलं किती? बाबांनी पटापट उत्तरं दिली. डॉक्टर खूश, बाबा त्याहून खूश. श्रवणशक्ती उत्तम, असं लिहून झालं. डॉक्टर बदमाश होता असं मी म्हणत नाही. पण माणसाला चिखलात चालता येतं का हे बघायचं असेल तर त्याला फरशीवर चालवून काय उपयोग? बाबांच्या कानांची परीक्षा प्लांटवर घ्यायला हवी होती, चालू पट्ट्याशेजारी. आणि नाव-गाव तर कुणीही अंदाजानं सांगेल. डॉक्टर दुसरं विचारणार काय?

त्या सोमवारी मी बाबांबरोबर गेले. आत सोडलं नाही. म्हणून जनेलाशी, म्हणजे ऑफिसच्या खिडकीशी उभी राहिले. गज होते, काच नव्हती. आत साहेब, कारकून, डॉक्टर आणि मुकादम. मेजापलीकडे एका कदेलीच्या, म्हणजे खुर्चीच्या, टोकावर बाबा, टोपी मांडीवर. वर जुना पंखा, फिरताना घरघर आणि मधूनच कटकट करणारा. बाहेर चढावर टिपर रांगेत उभे, इंजिनं चालू. कारकुनाचे कागद उडत होते, त्यांवर त्यानं दगड ठेवले होते. पंखा बंद करावा असं कुणाला वाटलं नाही. उकडत होतं ना.

साहेबांनी वाचायला सुरुवात केली. इंग्रजी कागद समोर ठेवून ते मराठीत सांगत होते, मधेमधे आमच्या बोलीतलं एखादं वाक्य घालून. सौजन्यानं, बरं का. मान खाली, तोंड कागदाकडे. एकेक मुद्दा लांबलचक वाचायचा, शेवटी आवाज खाली आणायचा आणि थांबायचं. थांबले की चौघेही बाबांकडे बघायचे.

मी जनेलाशी होते, कान विशीतले, तरी मलाही शब्द तुटक येत होते. पण काय प्रकरण आहे ते मला माहीत होतं. मी भरून काढत होते, आणि माझं बरोबर भरलं जात होतं.

साहेब थांबले. बाबा म्हणाले, "व्हय."

पुढचा मुद्दा. आवाज चढला, लांबला, खाली आला. "व्हय."

तिसऱ्या खेपेला मी नीट पाहिलं. बाबांनी हात जोडले होते. मांडीवरच, टोपीच्या आड, पण जोडलेले. मान किंचित खाली. मला दिसत होतं की ते कुठे बसलेत. ते ऑफिसात नव्हतेच.

"...सोबत्यानं मारलेली हाक तुम्हांला ऐकू आली, आणि तरी तुम्ही पट्टा थांबवला नाही."

"व्हय."

मी गजांना धरून ओरडले, "साहेब, त्यांना काही ऐकू येत नाहीये! पंखा बंद करा आणि परत विचारा!"

साहेबांनी मान वर केली. "तू कोण?"

"त्यांची मुलगी."

"बाय, मी त्यांच्याच भाषेत विचारतोय. इंग्रजी नाही, काही नाही. आता यातही आंदोलन आहे का?"

मुकादम हसला. "ही ती, भिंतीक कागद चिकटवणारी. हिका सगळीकडे भाषाच दिसता."

डॉक्टरांनी शांतपणे आपला कागद पुढे सरकवला. कान उत्तम. कारकुनानं लिहिलं. बाबांनी सही केली, मराठीत, सुंदर वळणदार. मग जनेलाकडे बघून हसले. मला तो हसरा चेहरा आठवला की अजून जेवण जात नाही.

बाहेर आल्यावर टिपरांच्या रांगेपासून लांब, एका माडाखाली मी त्यांना थांबवलं. "बाबा, साहेब काय म्हणाले?"

"बरो माणूस आसा गो. म्हणालो, सोबत्याचां सगळां कंपनी बघतली. पाय बरो होयसर पगार चालू. बायको-पोरांक कमी पडाचां नाय."

त्यांनी हे रचलं नव्हतं. त्यांनी हे ऐकलं होतं. चतकोर आवाजावर त्यांनी जी भाकरी पुरी केली ती अशी होती. साहेबांचा सूर, ते थांबणं, चार जणांचं बघणं, यातून त्यांच्या कानांनी सोबत्यासाठी घातलेलं एक गाऱ्हाणं ऐकलं आणि प्रत्येक ठिकाणी त्याला होकार भरला.

मी त्यांना माडाखालीच सांगितलं, समोर उभं राहून, सावकाश. आधी त्यांना पटेना. मग ते ऑफिसच्या दिशेनं धावले. दारावरच्या माणसानं अडवलं. साहेब पणजीला निघून गेले होते.

दोन आठवड्यांत नोकरी गेली. बाबा नोकरीबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. "त्येका काय सांगितल्यानी असतीत?" एवढंच विचारत राहिले. त्याला, म्हणजे काकांना, काय सांगितलं असेल?

मी आमच्या आंदोलनाच्या कचेरीत गेले. मला वाटलं, माझी माणसं आहेत. आमच्या पुढाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे चमकले. "चौकशी इंग्रजीतून झाली ना? जोरदार पत्रक होईल."

"इंग्रजीत नाही. मराठीत विचारलं."

"मराठीत?" चमक गेली. "मग आपल्या काय उपयोगाचं? कागद तर इंग्रजी होता म्हणालीस. तेवढंच लिहू."

"पण ते खरं नाही. त्यांना पंख्यामुळे ऐकू आलं नाही."

"अगं, पंख्याविरुद्ध मोर्चा काढायचा का?"

सगळे हसले. मीही दुसऱ्या कुणाच्या बापाबद्दल असतं तर हसले असते. कॉलेजात कोकणीवाली एक मैत्रीण होती, महिनाभर अबोला धरलेली. ती स्वतःहून जवळ आली, हात धरला, म्हणाली, "कोंकणींतल्यान विचारिल्लें जाल्यार तांकां समजतलें आशिल्लें." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंच होतं. पण तिलाही तेच दिसत होतं जे आमच्या पुढाऱ्यांना दिसत होतं. कुठल्या भाषेत विचारलं, एवढंच. कशात विचारलं हे कुणी बघेना. घरघरीत विचारलं होतं. घरघरीत मराठीही मरते आणि कोकणीही मरते.

याच दिवसांत पणजीच्या एका शिबिरात बाबांना कानाचं यंत्र मिळालं. शर्टाच्या खिशात डबी आणि कानात वायर. पहिल्या दिवशी आम्ही सगळे भोवती बसलो. आईनं स्टो पेटवला आणि बाबा ताडकन उठले. "खयचो टिपर इलो?" यंत्र सगळंच मोठं करत होतं. स्टो, कावळा, खुर्ची सरकवणं, स्वतःच्या शर्टाची घसट. शब्द होता तिथेच राहिला, भोवतालचा कल्ला तेवढा वाढला. आठवड्यात डबी फळीवर गेली. आई म्हणाली, "रेडिओसारखी दिसता, गाणी तरी लागली असती."

मग बाबा म्हणाले, आपण काकांकडे जाऊ. मी सांगतो त्याला, समोरासमोर.

काका घरी आले होते. आम्ही नदी ओलांडून त्यांच्या गावी गेलो. पडवीत खाटेवर बसले होते, पाय घोट्यापासून खाली नव्हता. शेजारीच पिठाची गिरण होती, चालू. तिचा धडधड आवाज भिंतीतून येत होता, जमिनीतून तळव्यांना लागत होता. मी दारातच ओळखलं की ही जागा वाईट आहे. बाबांना म्हटलं, परसात जाऊया. पण पाय गेलेल्या माणसाला परसात कसं नेणार? आणि बाबा तर खाटेच्या कडेला जाऊन बसलेसुद्धा.

काकी पाण्याचा तांब्या ठेवून उभी राहिली. बाबांना ती भावजी म्हणायची. त्या दिवशी काहीच म्हणाली नाही.

मग काका बोलले. बाबांकडे न बघता, मान खाली, आपल्या पायाकडे बघत. मी जवळ होते, मला ऐकू आलं. "भावा, एकच इचारतंय. मी बोंब मारलंय, ती तू आयकलस?"

ते थांबले. आणि मी तोंड उघडायच्या आत बाबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "व्हय." मग आणखी मायेनं, "व्हय रे, व्हय."

काकीच्या तोंडून हुंदका निघाला. काकांनी गुडघा बाजूला घेतला.

मी धावत गिरणीत गेले. "दादा, जरा बंद करा, हात जोडते."

गिरणीवाला पीठ झाडत म्हणाला, "दळण कुणाचां? तुझ्या बापाशीचां?" पण माझं तोंड बघून त्यानं पट्टा उतरवला. गिरण थांबत थांबत थांबली. आणि एकदम कोंबड्या ऐकू यायला लागल्या, विहिरीवरचा रहाट, लांब कुणीतरी नारळ सोलत होतं ते. मी परत येऊन म्हटलं, "काका, आता विचारा. माझ्यासाठी म्हणून. त्यांच्याकडे बघून विचारा."

काकांनी विचारलं. शब्द न शब्द तोच.

बाबांचा चेहरा पांढरा पडला. "नाय रे! देवाशपथ नाय! माका आयकाक इलां असतां तर मी बटण दाबल्याशिवाय रवलंय असतंय?"

"मगाशी व्हय, आता नाय," काकी म्हणाली. "साहेबाकडे व्हय, आमच्याकडे नाय. पोरीन पढवून हाडल्यान वाटता."

"मगाशी तू माका इचारलस, पाय बरो होतलो मां? म्हणून मी..." बाबांनी हात काकांकडे पुढे केला.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. "दोन जबाब दिलस, भावा. मी खयचो धरू?" आणि काकीला म्हणाले, "त्येंका च्या दी." मग भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

चहा आला. आम्ही प्यायलो. न पिऊन कसं चालेल? गिरण पुन्हा सुरू झाली होती.

त्यानंतर बाबा गावीच राहिले. राजभाषेचा कायदा झाला, घटकराज्य झालं, मैदानात बँड वाजला, फटाके फुटले, आमच्या बाजूचे रुसले आणि कोकणीच्या बाजूचे नाचले. बाबा सड्यावर गुरांमागे होते. मी पत्रकं लिहिणं सोडलं नाही, पण "लोकांचा आवाज" हे दोन शब्द पुन्हा लिहिले नाहीत. आवाज पोचायला समोर कानही लागतात, आणि कानाभोवती थोडी रिकामी जागा.

जत्रेला बाबा देवळात येतात. मागे खांबापाशी उभे राहतात. गाऱ्हाणं सुरू होतं, मानकरी थांबतो, सगळे ओरडतात, बाबांचे ओठ मिटलेले. पहिल्या वर्षी लोकांनी विचारलं, आता विचारत नाहीत. मी विचारलं होतं, सड्यावर, वारा पडलेला बघून. ते म्हणाले, "व्हय म्हणाक भंय वाटता गो. कोण काय लिवून घेयत."

देवासमोर होकार द्यायलाही माझा बाप घाबरतो. हे त्या पंख्याखाली झालं.

काका अजून आहेत. घरालाच लागून त्यांनी छोटं दुकान घातलंय. बाबाही आहेत. दोघांपैकी कुणी अजून गेलेलं नाही, म्हणूनच मी घाईनं हे लिहिते आहे. कुणी गेल्यावर डोळे पुसत वाचलंत तर मला त्याचा काही उपयोग नाही.

त्या सोमवारी त्या खोलीत तुम्ही असाल, तर नदी ओलांडून काकांच्या दुकानावर जा आणि त्यांना सांगा की पंखा चालू होता आणि माणसाला ऐकू येत नव्हतं. आणि नसाल, तरी तुम्ही मोकळे नाही. तुम्ही कुठेतरी मास्तर असाल, पंच असाल, डॉक्टर असाल, नुसते कुणाचे मुलगा-मुलगी असाल. पुढच्या वेळी तुमच्यासमोर कुणी "हो" म्हणेल, तेव्हा त्याला म्हणा, मी काय विचारलं ते तुझ्या शब्दांत मला परत सांग. त्याला सांगता आलं नाही, तर पेन खाली ठेवा.